धोंडिराम मुकादमांची शुगर

पहाटे पाच वाजता आमच्या भिंतीपलीकडे हजेरी सुरू होते.

"उठा रं. उजवा पाय, ऊठ. डावा गुडघा, तू कावून लोळत पडलास बे? काल पन तुजंच रडगाणं हुतं."

या घरात भाड्याने राहायला आलो त्याच्या पहिल्याच पहाटे मी हे ऐकलं आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडे आठ-दहा मजूर झोपलेले असावेत असं धरून चाललो. डावा गुडघा हे कुणाचं तरी टोपणनाव असेल. आमच्या जिल्ह्यात टोपणनावांची टंचाई कधीच नव्हती. पण हजेरी संपेना, आणि पुढे "किडन्या, तुमी शान्या हायेत, तुमाला काय बोलायचं न्हाई" असं वाक्य आलं, तेव्हा मी अंथरुणातून उठून बाहेर जाऊन पाहिलं. अंगणात बाजेवर एकटेच घरमालक बसले होते. अंगात बंडी, डोक्याला मफलर, आणि नजर स्वतःच्या दोन्ही पायांवर रोखलेली.

हे धोंडिराम मुकादम. शिरूर कासारला जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बदली झाली आणि त्यांच्या घराची एक खोली मला मिळाली. वय सत्तरीच्या आसपास, आवाज मात्र अजून उसाच्या फडातला. आधी बारा वर्षं त्यांनी बायकोबरोबर ऊस तोडला, आणि नंतर वीस वर्षं टोळी सांभाळली. दिवाळी झाली की माणसं गाडीत भरून कारखान्याला न्यायची, पहाटे कोप्यांवरून, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवरून, फिरून त्यांना उठवायचं, कोण आजारी आहे आणि कोण आजाराचं सोंग करतंय हे ओळखायचं, आणि उन्हाळ्यात सगळ्यांना परत गावाला आणायचं. आता टोळी दुसऱ्याने घेतली. मुलगा चाकणला कंपनीत लागला. ओरडायला कुणी उरलं नाही, म्हणून मुकादमांनी आपल्या अवयवांचीच टोळी केली, असं माझं मत.

त्या टोळीत प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला होता. किडन्या म्हणजे कष्टाळू नवरा-बायको, न बोलता काम करणारं जोडपं. लिव्हरविषयी ते जरा खाली मान घालून बोलत, कारण तरुणपणी त्याला त्यांनी बराच त्रास दिला होता. पोट हा पुढारी होता. काम काही नाही, पण पंगतीत पहिलं ताट त्याला. आणि या सगळ्यांवर संकट म्हणून आली होती शुगर.

"गुर्जी, शुगर म्हंजे काय ठावं हाय का? फडाला आतून लागल्याली आग. कडंनं समदं हिरवं दिसतंय."

मुकादमांच्या शुगरचा साऱ्या गावाला ताप होता. चौकातल्या हॉटेलात ते बसले की बाकीच्या गिऱ्हाइकांचा चहा बेचव व्हायचा, कारण ते प्रत्येकाच्या कपात डोकावून पाहायचे. मी चहात तीन चमचे साखर घेतो. वडिलोपार्जित इस्टेट म्हणावी अशी माझ्याकडे ही एकच सवय आहे. पहिल्या आठवड्यात मुकादमांनी माझा कप उचलून उजेडात धरला आणि विचारलं, "हा चहा हाय का रसवंती?" त्यानंतर मी दार लावून चहा पिऊ लागलो.

लग्नाच्या पंगतीलाही ते घरून ज्वारीच्या भाकरी नि मेथीची भाजी फडक्यात बांधून न्यायचे. वाढपी बुंदी घेऊन आला की ताटावर आडवा हात धरायचे. एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी फडकं सोडलं, दोन भाकरी स्वतःला ठेवल्या, दीड भाकरी वेगळी गुंडाळली आणि बायकांच्या पंगतीकडे निरोपासह पाठवली. निरोप असा, की एकट्याच्यानं घास उतरत न्हाई, तवा सोजरनं बी हेच खावं. पंगतीत हशा पिकला. म्हाताऱ्याला म्हातारपणी बायकोचं वेड लागलं, असं कुणीतरी म्हणालं. मीही हसलो. ते आज आठवलं की बरं वाटत नाही.

सोजरबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. मी त्यांना काकू म्हणतो. उंचीने बेताच्या, बोलणं त्याहून बेताचं. मुकादमांच्या शंभर शब्दांना त्यांचा एक असायचा, आणि तो बहुधा "बरं" असायचा. नवऱ्याच्या आजारपणाचा सगळा भार त्यांनी अंगावर घेतला होता. भाकरी किती, भात किती, कोणती भाजी, किती वाजता, हे सगळं त्यांना पाठ होतं.

आणि हे पथ्य साधंसुधं नव्हतं. मुकादमांना एक डॉक्टर होता, तो बीडला असतो एवढंच आम्हाला माहीत होतं. हा डॉक्टर फारच चमत्कारिक गोष्टी सांगायचा. शुगरच्या माणसाने एकट्याने जेवू नये, त्याने शुगर चढते. बायकोने त्याच वेळी, तीच भाजीभाकरी घेऊन समोर बसून जेवलं पाहिजे. जेवणानंतर नदीच्या पुलापर्यंत चालायचं, पण बायकोने मागून नाही, बरोबरीने चालायचं, कारण चक्कर आली तर मागून कसं धरणार? घरात कुणी उपास धरला तर रोग्याची शुगर घसरते, म्हणून सोजरबाईंचे सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं बंद. गोळीसुद्धा जोडीने घ्यायची. काकूंनाही थोडीशी शुगर निघाली होती, म्हणून त्यांनी त्यांची गोळी घेतली की मगच मुकादम आपली घ्यायचे. डॉक्टर म्हणला, असं मुकादमांनी म्हटलं की सोजरबाई "बरं" म्हणायच्या.

संध्याकाळी ओसरीवर पायांची तपासणी व्हायची. मुकादम तांब्यातल्या पाण्याने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, खांबाला टेकून ऐटीत बसायचे. काकू हातात छोटा आरसा घेऊन तळपाय पाहायच्या. चीर, फोड, काटा, लाली, काहीच नसायचं. "काय न्हाई," त्या म्हणायच्या.

"आता तुजा दाव."

काकू पाय लुगड्याखाली ओढून घ्यायच्या. "काय तरीच बोलता."

हे रोज. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो, लावला तर पाप बायकोच्या माथी, हे आमच्याकडे प्रत्येक बाईला न शिकवता येतं. मुकादम चिडायचे, विनवायचे, डॉक्टरचा हवाला द्यायचे. बाकी सगळ्या बाबतीत चालणारा डॉक्टर इथे मात्र चालत नव्हता.

एकदा आमच्या शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर भरलं. उपकेंद्राच्या वंदना सिस्टर रक्तातली साखर तपासणार होत्या. गावातला सगळ्यात जागरूक रोगी म्हणून मी मुकादमांचं नाव यादीत पहिलं घातलं आणि दोन शब्द बोलायचीही विनंती करून ठेवली. नाव पुकारलं, मुकादम गायब. हॉटेलात नाहीत, घरी नाहीत. काकू येऊन बोट टोचून घेऊन गेल्या, त्यांची साखर भरपूर निघाली, आणि सिस्टरने त्यांना गोळी वाढवून घ्यायला सांगितलं. मुकादमांचा पत्ता नाही. दिवस मावळताना ते जीपमधून उतरले. कपाळाला भस्माचे पट्टे.

"कपिलधारला गेलतो," ते म्हणाले. "येकदम मनात आलं."

जो माणूस शेजारच्या मारुतीला लांबूनच हात जोडतो त्याला येकदम कपिलधार आठवावं, हे काही मला पटलं नाही. त्या संध्याकाळी काकूंच्या पायाला मुंग्या येत होत्या म्हणून पुलापर्यंत मीच मुकादमांबरोबर निघालो. वाटेत मी चिडवायला सुरुवात केली. म्हटलं, मुकादम, आयुष्यभर लोकांची सोंगं ओळखली तुम्ही, आणि एका सुईला भ्यालात. एरवी उसळून आले असते. त्या दिवशी ते पुलाच्या कठड्यावर बसले आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाले,

"गुर्जी, मला शुगर न्हाई."

मी म्हटलं, म्हणजे आता कमी झाली का?

"कमी व्हायला आधी आसावी लागती. मला नव्हतीच. तिला हाय. थोडी न्हाई, लई हाय."

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी काकूंना घेरी आली, बीडला नेलं, तेव्हा शुगर निघाली. डॉक्टरने पथ्य समजावलं. घरी आल्यावर काकूंनी चार दिवसांत ते सगळं सोडून दिलं. स्वतःसाठी वेगळी भाजी करायची म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं. सगळ्यांचं झाल्यावर, टळटळीत दोन वाजता, शिळं काय उरलंय ते खायचं, आणि त्यातही गूळ दिसला की गूळ. आठवड्यातून तीन उपास. गोळ्या डब्यात तशाच. बोललं की म्हणायच्या, बाईमानसाला कसलं आलंय पथ्य. मुकादम ओरडून दमले.

"मंग म्या इचार केला," ते म्हणाले. "हिला हिची काळजी न्हाई, पन माजी हाय. मंग म्याच पडलो आजारी."

म्हणजे दोन वर्षं हा माणूस साखरेविना चहा पीत होता, बुंदीच्या ताटावर हात धरत होता, आणि गोळी म्हणून ताकदीची साधी पिवळी गोळी गिळत होता. तो चमत्कारिक डॉक्टर म्हणजे ते स्वतःच. खऱ्या डॉक्टरने काकूंसाठी सांगितलेलं पथ्य ते आपल्या नावावर घरात चालवत होते, आणि अवघड जाईल तिथे पदरची भर घालत होते. एकट्याने जेवू नये, हे मात्र कुठल्याच डॉक्टरने सांगितलं नव्हतं. ते का घातलं, म्हणून मी विचारलं.

ते नदीकडे वळून बसले. मग म्हणाले, "बारा वर्सं आमी दोघं येक कोयता हुतो, टोळीत नवरा-बायकूच्या जोडीला कोयताच म्हंत्यात. म्या तोडायचो, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहायची. कोपीत आली की सैपाक. म्या जेवून झोपायचो. ती कवा जेवली, काय जेवली, म्या कदीच बघितलं न्हाई, गुर्जी. येकदा फडात तिच्या पायावर कोयता बसला. रगत थांबंना. टोळीतल्या बाया म्हणल्या, दवाखान्यात न्या. म्या म्हणलो, चिंधी बांध अन् मोळी उचल, गाडी भरायची हाय." त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "तिनं उचलली. येक शबुद बोलली न्हाई."

परतताना ते एवढंच म्हणाले, की शुगरमध्ये पाय आधी जातात, आणि तिचे पाय जाऊ द्यायचे नाहीत. कुणाला सांगू नका म्हणून त्यांनी मला शपथ घातली. मी शिक्षक आहे, गुपित ठेवणं मला जड जातं, पण हे ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मी चहात दोनच चमचे साखर घेऊ लागलो. का, ते मला सांगता येणार नाही.

दिवाळी झाली. टोळ्या गेल्या. गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून कर्नाटकात आणि सांगली-कोल्हापूरकडे निघून गेली, आणि पहाटेची हजेरी आणखीच मोठ्याने ऐकू येऊ लागली. त्याच दिवसांत काकू डावा पाय टेकताना अंग चोरायला लागल्या. मुकादमांनी विचारलं की "काय न्हाई, जोडवं टोचतंय जरा" असं म्हणायच्या आणि पाय झाकून घ्यायच्या. पुलापर्यंतचं चालणं अर्ध्यावर आलं. एके सकाळी ओसरीच्या पायरीवर मला ओला लालसर डाग दिसला. मी मुकादमांना न सांगता सायकल काढली आणि वंदना सिस्टरना घेऊन आलो.

सिस्टरपुढे काकूंचं चालेना. परक्या बाईने पाय धरायला हरकत नव्हती. अंगठ्याजवळच्या बोटात चांदीचं जोडवं होतं, म्हणजे असावं. बोट इतकं सुजलं होतं की चांदीची नुसती कड दिसत होती, आणि आजूबाजूची कातडी काळीनिळी झाली होती. वास येत होता. काकूंना त्याचं दुखणं जेमतेम जाणवत होतं, आणि सिस्टरला नेमकी त्याचीच भीती वाटली. त्यांनी स्वच्छ सांगितलं. जोडवं आत्ता कापून काढायचं आणि आजच बीडचा दवाखाना गाठायचा. दोन दिवस गेले तर बोट जाईल, आठ दिवस गेले तर पाऊल.

काकूंनी पाय मागे ओढला.

"दवाखान्यात येते. जोडवं काढायचं न्हाई."

सिस्टर समजावू लागल्या. बोट नाही राहिलं तर जोडवं घालणार कशात, असंही विचारून झालं. मी माझ्या परीने शहाणपण सांगितलं. मुकादमांनी ओरडून पाहिलं, मग अजिजी करून पाहिली, मग म्हणाले, "आगं, म्या जिता हाय की. म्याच सांगतोय, काढ."

काकू एरवी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"तुमी जिते हायेत म्हणूनच घातलंय. धडधाकट मानूस आस्ता तर येक वेळ काढलं बी आस्तं. घरात मालक आजारी, दोन वर्सं त्याला शुगर, अन् म्या माज्या हातानं जोडवं काढू? माजे उपास तुमच्या डॉक्टरनं बंद केले. आता तुमच्यासाठी माज्याकडं हे येवढंच ऱ्हायलंय. बोट जाऊ द्या."

मुकादमांकडे पाहवत नव्हतं. ज्या खोट्याने त्यांनी दोन वर्षं तिला सांभाळलं, तेच आता तिचा पाय धरून बसलं होतं. हे त्यांच्या लक्षात आलं ते मला दिसलं. टोळीतल्या माणसाने चूक केली तर तिथल्या तिथे झापणारे मुकादम, स्वतःची चूक कळल्यावर नुसते उभे राहिले. काकूंना खरं सांगायचं म्हणजे काय होणार हेही त्यांना कळत होतं. पथ्य जाणार, बरोबरीचं जेवण जाणार, गोळ्या पुन्हा डब्यात जाणार. आणि न सांगावं तर पाय.

ते सिस्टरच्या समोर खाली बसले आणि हात पुढे केला.

"माजं बोट टोचा."

सिस्टरना काही कळलं नाही. मी मानेने हो म्हटलं. त्यांनी टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, यंत्र टिकटिकलं. सिस्टरनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, बाबा, एवढी चांगली शुगर तर माझीही नाही.

"औषधानं उतरली?" काकूंनी विचारलं. त्यांच्या तोंडावर जो आनंद आला तो मी विसरणार नाही.

"न्हाई," मुकादम म्हणाले. "नव्हतीच. म्या खोटं बोललो. मला कायबी झालेलं न्हाई, सोजर. तुला झालंय."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. शेजारच्या घरात रेडिओ चालू होता, त्यावर कांद्याचे भाव सांगत होते. ते सगळे भाव सांगून झाले.

"तुमच्या शुगरपायी म्या किती रडले, ठावं हाय का तुमाला?" त्या म्हणाल्या. "चुलीपुढं बसून. रोज." मग त्यांनी पाय सिस्टरच्या पुढे सारला. "काढा."

मी सोनाराला सायकलवर डबलसीट आणलं. त्याने बारीक कात्रीने चांदी कापली तेव्हा मुकादम भिंतीकडे तोंड करून उभे होते. बीडला चौदा दिवस काढावे लागले. बोट वाचलं. नख गेलं, आकार थोडा गेला, पण बोट वाचलं. पुढे दोन-अडीच महिने सिस्टर येऊन मलमपट्टी करत होत्या.

काकूंचा राग मात्र जखमेपेक्षा चिवट निघाला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मुकादमांना खाऊ घालायला सुरुवात केली. सकाळी चार चमचे साखरेचा चहा, त्याबरोबर तुपातला शिरा, दुपारी गुळाची पोळी. मुकादम ताटासमोर गुन्हेगारासारखे बसायचे. "खावा की," काकू आतून म्हणायच्या. "तुमाला काय धाड भरलीय?" आणि स्वतः पुन्हा पूर्वीसारख्या सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी पाठ करून जेवायला लागल्या. काय जेवतात ते दिसत नव्हतं.

पाचव्या दिवशी मुकादम माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं, आणि हळू आवाजात विचारलं,

"गुर्जी, वरनं दिसत न्हाई आसा दुसरा कुटला आजार हाय का?"

मला हसू आलं, आणि मी ते आवरलंही नाही. म्हटलं, ब्लडप्रेशर आहे. ते खरोखर विचारात पडले. त्यात मीठ बंद असतं का, जोडीने जेवावं लागतं का, असं बारकाईने विचारू लागले. एवढ्यात पत्र्याच्या भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. त्या भिंतीतून सगळं ऐकू जातं, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

"आता आनखी आजारी पडू नगा," त्या म्हणाल्या. "दोन ताटं घेते म्या. या."

मुकादम उठून गेले ते चप्पल माझ्या दारात विसरून. एरवी पायात चप्पल नसली की अख्ख्या गल्लीला व्याख्यान देणारा माणूस. त्या दिवसापासून घरात पुन्हा एकच भाजी शिजते, कमी तेलाची, आणि दोन ताटं समोरासमोर असतात. गोळी फक्त काकू घेतात. मुकादम तेवढा वेळ हातात पाण्याचा तांब्या धरून उभे असतात. शिऱ्याची आठवण त्यांना अधूनमधून होते, पण ते काकूंना सांगत नाहीत, मला सांगतात.

पायाचा प्रश्न राहिला होता. सिस्टरनी बजावलं होतं की डाव्या पावलाच्या शिरा झोपल्या आहेत, जाग्या होतील न होतील. म्हणून रोज संध्याकाळी पाय नीट पाहायचे. काकूंनी डोळे मिटायचे, दुसऱ्याने एकेका बोटाला हलकेच हात लावायचा आणि कळलं का ते विचारायचं. हे काम सिस्टर रोज येऊन करणं शक्य नव्हतं. मुलगा-सून चाकणला. उरले मुकादम.

काकूंनी तीन दिवस विचार केला आणि मग दोन अटी घातल्या. दार लावून घ्यायचं, म्हणजे गल्लीतून कुणाला दिसायला नको. आणि आधी त्या मुकादमांच्या पाया पडणार, मगच मुकादमांनी त्यांच्या पायाला हात लावायचा, म्हणजे पाप लागणार नाही. मुकादम म्हणाले, येकदा न्हाई, दहादा पड.

आता रोज दिवेलागणीला त्यांचं दार बंद होतं. गल्लीला वाटतं, म्हातारा-म्हातारी देवापुढे बसतात. मी वह्या तपासत असतो. मला ऐकायचं नसतं, पण मधे नुसता पत्रा आहे. ज्या आवाजाने वीस वर्षं माणसांना झोपेतून उठवलं तो इतका खाली येऊ शकतो, हे मला त्या घरात राहिलो नसतो तर खरं वाटलं नसतं.

"कळतंय?"

"कळतंय."

"हे?"

"कळतंय."

उजवा पाय झाला की डावा. अंगठ्यावर जरा वेळ लागतो. परवा मी वही मिटून तसाच बसलो होतो.

"कळतंय?"

"कळतंय."

"आता हे?"

"कळतंय की."

मग मुकादम म्हणाले,

"आगं, आजून हात लावलाच न्हाई म्या."

मला वाटलं, आता काकू रडतील, किंवा पाय ओढून घेतील. मग त्यांचा आवाज आला, हसल्यासारखा.

"लावा की मंग."